भडक रंग, गांधीलमाश्या आणि अन्य कीटक : ठाणे परिसराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

भडक रंगाचे कपडे घातल्यास गांधीलमाश्या व मधमाश्या अंगावर येतात, असा समज सर्वत्र रूढ आहे. शैक्षणिक सहली, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे आणि निसर्गभ्रमंती यांच्या पूर्वतयारीत तो सूचनेच्या रूपाने पुन्हा पुन्हा समोर येतो. प्रस्तुत लेखात कीटकांच्या रंगदृष्टीसंबंधी उपलब्ध असलेल्या संशोधनाच्या आधारे या समजाची तपासणी केली आहे. अन्नशोध, स्वसंरक्षण, वनस्पतीवरील उपजीविका आणि रक्तशोषण या चार प्रसंगी कीटक रंगाचा उपयोग वेगवेगळ्या रीतीने करतात. 'भडक रंग कीटकांना आकर्षित करतात काय?' या प्रश्नाचे सरसकट उत्तर त्यामुळे देता येत नाही. दंश करणाऱ्या माश्यांच्या बाबतीत मात्र भडक रंगापेक्षा गडद रंग, हालचाल आणि गंध यांचे महत्त्व अधिक आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

कळीचे शब्द : रंगदृष्टी, गांधीलमाशी, आग्या मधमाशी, परागीभवन, येऊर, चिकट सापळे.

१. प्रस्तावना

ठाणे शहराच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला येऊरचे डोंगर आहेत. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडील भाग होय. कल्याणच्या दक्षिणेस मलंगगड, शहापूरजवळ माहुली, मुरबाडच्या पुढे माळशेज अशी ठिकाणे या परिसरातील महाविद्यालयांच्या क्षेत्रभेटींसाठी सोयीची ठरतात. अशा भेटीच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांना ज्या सूचना दिल्या जातात त्यांत 'भडक रंगाचे कपडे घालू नयेत' ही सूचना बहुधा असतेच. कारण विचारले असता 'माश्या येतात' असे उत्तर मिळते.

वरवर पाहता ही सूचना निरुपद्रवी वाटते. परंतु तिचे दोन परिणाम संभवतात. पहिला असा की, फिकट कपडे घातल्यामुळे आपण सुरक्षित आहोत अशी समजूत निर्माण होते आणि धोक्याच्या खऱ्या कारणांकडे दुर्लक्ष होते. आग्या मोहोळाखाली शेकोटी पेटविणे, मोहोळाला दगड मारणे, अत्तर लावून जंगलात जाणे यांपैकी कशाचाही कपड्यांच्या रंगाशी संबंध नाही. दुसरा परिणाम असा की, कीटक म्हणजे रंग पाहून चाल करून येणारा जीव, असे चित्र विद्यार्थ्यांच्या मनात ठसते. किल्ल्यांवर आणि लेण्यांमध्ये आग्या मधमाश्यांच्या हल्ल्यांत माणसे गंभीर जखमी झाल्याची, प्रसंगी दगावल्याची वृत्ते महाराष्ट्रात वारंवार प्रसिद्ध होतात. विषय जीविताशी निगडित असल्याने दिली जाणारी सूचना योग्य आहे की नाही हे पाहणे शिक्षकांचे कर्तव्य ठरते.

२. 'भडक' रंग कोणाच्या दृष्टीने?

रंग हा वस्तूचा गुण आहे, असे आपण व्यवहारात मानतो. वस्तुतः वस्तू काही तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करते आणि त्याचा अर्थ लावणे हे पाहणाऱ्याच्या डोळ्यावर व मेंदूवर अवलंबून असते. म्हणून एखादा रंग भडक आहे असे म्हणताना तो कोणाच्या डोळ्यांना भडक दिसतो हे सांगणे आवश्यक आहे.

मधमाश्यांना रंग दिसतात की नाही हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी वादाचा विषय होता. त्यापूर्वी इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी रंगीत कागदांवर मध ठेवून मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्यावर प्रयोग केले होते आणि १८८२ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. १९१० मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस शहरात माध्यमिक शाळेत शिकविणाऱ्या चार्ल्स हेन्री टर्नर यांनी एका सार्वजनिक उद्यानात साध्या रंगीत तबकड्या व पेट्या वापरून मधमाश्यांच्या रंगदृष्टीचा अभ्यास केला. निर्णायक ठरला तो कार्ल फॉन फ्रिश यांचा १९१४ मधील प्रयोग. करड्या रंगाच्या फिकट ते गडद अशा अनेक छटांच्या कागदांमध्ये एक निळा कागद ठेवून त्यावर साखरपाणी दिले असता माश्या निळ्या कागदाशी अन्नाचा संबंध जोडतात. नंतर कागदाची जागा बदलली व बशी रिकामी ठेवली तरी त्या निळ्या कागदावरच येतात. माशीला केवळ उजेड व अंधार यांचाच भेद कळत असता तर निळ्याशी जुळणाऱ्या एखाद्या करड्या छटेवरही ती फसली असती. लाल कागदाच्या बाबतीत मात्र माश्यांचा गोंधळ झाला. लाल आणि काळपट करडा यांतील फरक त्यांना ओळखता आला नाही. फॉन फ्रिश यांना मधमाश्यांच्या वर्तनाविषयीच्या संशोधनासाठी १९७३ मध्ये नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला.

पुढे या निष्कर्षाचे शारीरिक कारणही समजले. मधमाशीच्या संयुक्त नेत्रात तीन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. त्यांची संवेदनक्षमता अनुक्रमे सुमारे ३४४, ४३६ आणि ५४४ नॅनोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते. म्हणजे माशीला अतिनील, निळा आणि हिरवा हे तीन मूलभूत रंग आहेत, तर माणसाला निळा, हिरवा आणि तांबडा. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात मधमाश्या, गांधीलमाश्या व त्यांच्या आप्तवर्गातील ४३ जातींची तपासणी करण्यात आली. त्यांतील बहुतेकांत हीच त्रिरंगी व्यवस्था आढळली.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. आपण ज्याला सर्वांत भडक मानतो तो शुद्ध लाल रंग माशीच्या दृष्टीने जवळजवळ काळा असतो. उलट आपल्याला साधे पिवळे दिसणारे फूल अतिनील प्रकाशात पाहिले तर अनेकदा त्याच्या मध्यभागी गडद वर्तुळ आणि कडेला उजळ पट्टा दिसतो. ही खूण माशीला मकरंदाची जागा दाखवते. आपल्या डोळ्यांना जाणवणारा भडकपणा आणि माशीच्या डोळ्यांना जाणवणारा भडकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

३. रंग किती अंतरावरून दिसतो?

'आकर्षित करणे' या शब्दात दुरून खेचून आणण्याचा अर्थ अभिप्रेत असतो. म्हणून माशीला रंग किती अंतरावरून ओळखता येतो हे पाहणे उद्बोधक ठरेल. मार्टिन ज्युर्फा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये युरोपीय मधमाशीवर केलेल्या प्रयोगांनुसार, एखादी वस्तू माशीच्या डोळ्याशी किमान सुमारे १५ अंशांचा कोन करीत असेल तरच तिचा रंग माशीला ओळखता येतो. सुमारे ५ अंशांपर्यंत वस्तूचे अस्तित्व जाणवते, पण ते पार्श्वभूमीशी असलेल्या उजेडाच्या फरकावरून. रंगाचा बोध तेथे नसतो.

हे प्रमाण साध्या त्रिकोणमितीने अंतरात बदलता येते. ५ सेंटिमीटर व्यासाच्या फुलाचा रंग माशीला सुमारे १९ सेंटिमीटर अंतरावर आल्यावरच कळतो. ५० सेंटिमीटर रुंदीचा सदरा घातलेला विद्यार्थी समोर उभा असेल तर त्या सदऱ्याचा रंग सुमारे १.९ मीटर अंतरावरून कळेल. सुमारे ५.७ मीटरपर्यंत 'काहीतरी आहे' एवढीच जाणीव होईल. आग्या माशीचे डोळे आकाराने मोठे असल्याने तिच्याबाबत आकडे थोडे बदलतील, परंतु परिमाणाचा क्रम तोच राहील. दूरच्या मोहोळातील माश्या एखाद्याचा पिवळा सदरा पाहून त्याच्याकडे झेपावतात, ही कल्पना डोळ्याच्या रचनेशी जुळत नाही. दूरवरून माशीला मार्ग दाखवतात ते गंध, परिचित खुणा आणि सहकारी माश्यांनी नृत्याद्वारे दिलेली दिशा.

४. फुलांचे रंग : जन्मजात ओढ आणि अनुभव

जवळच्या अंतरावर मात्र रंगाचे महत्त्व निर्विवाद आहे. अनुभव नसलेल्या मधमाशीला निळ्या-जांभळ्या छटांची काहीशी जन्मजात ओढ असते. येऊरच्या उतारांवर दर आठव्या वर्षी फुलणारी कारवी याच छटेची आहे. २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसरात कारवी फुलली तेव्हा मधमाश्यांना या फुलांची मोठीच पर्वणी लाभली. ही जन्मजात ओढ फार बलवान नसते. दोन-चार भेटींत ज्या रंगाच्या फुलात मकरंद सापडतो त्या रंगाकडे माशी वळते. रंग ही माशीच्या दृष्टीने दुकानाची पाटी आहे. पाटी चांगली असली तरी आत माल नसेल तर गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. रंगीत सदऱ्यावर क्षणभर बसून उडून जाणारी माशी अशीच पाटी तपासून परत गेलेली असते.

घाणेरीच्या गुच्छात ही गोष्ट स्पष्ट दिसते. काही वाणांत मधली ताजी फुले पिवळी आणि कडेची जुनी फुले गुलाबी किंवा लालसर असतात. दिल्ली विद्यापीठातील माथूर व मोहन राम यांनी १९७८ मध्ये या रंगबदलाचा फुलकिड्यांकडून होणाऱ्या परागीभवनाशी असलेला संबंध दाखवून दिला. रंग बदललेले फूल कीटकाला 'येथे आता काही नाही' असे सांगते. जुनी फुले न गळता टिकून राहिल्याने गुच्छ दुरून मोठा दिसतो आणि जवळ आल्यावर कीटक नेमक्या पिवळ्या फुलाकडे जातो. गृहसंकुलांच्या कमानींवर चढविलेली मधुमालती संध्याकाळी पांढऱ्या फुलांनी उमलते, नंतर तीच फुले गुलाबी व लाल होतात. पांढरा रंग आणि सायंकाळचा सुगंध हे निशाचर पतंगांसाठी असतात.

अंधारात रंगाचा काय उपयोग, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. त्याचे एक उत्तर पुणे, रायगड व ठाणे जिल्ह्यांच्या सीमांवर पसरलेल्या भीमाशंकर अभयारण्याने दिले आहे. तेथील झायलोकोपा ट्रँक्वेबारिका या सुतार भुंग्याचा हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस, एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी अभ्यास केला. हा भुंगा चंद्र नसलेल्या रात्रीही उडतो आणि केवळ ताऱ्यांच्या प्रकाशात आपल्या घरट्याजवळील खुणेचा रंग ओळखतो, असे त्यांनी २००८ मध्ये दाखविले. ज्या प्रकाशात माणसाला सर्व काही करडे दिसते त्या प्रकाशात एक कीटक रंग पाहतो, ही आपल्या परिसरालगतच्या वनात सिद्ध झालेली गोष्ट आहे.

फुलपाखरांचा प्रकार आणखी निराळा आहे. घोडबंदर मार्गावरील ओवळे गावात राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या जमिनीवर विकसित केलेली फुलपाखरांची बाग अभ्यासकांच्या परिचयाची आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली राणी पाकोळी, म्हणजेच ब्ल्यू मॉर्मन, पॅपिलिओ या प्रजातीतील आहे. याच प्रजातीतील एका जपानी फुलपाखराच्या डोळ्यांत किमान सहा प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असल्याचे केंटारो आरिकावा व सहकाऱ्यांनी दाखविले आहे. त्यांत लाल प्रकाशाला संवेदनक्षम असलेल्या पेशीही आहेत. या कुळातील फुलपाखरे लाल एक्झोरा व जास्वंद यांच्याकडे जातात याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. तथापि केवळ लाल फुलांनी फुलपाखरांची बाग उभी राहत नाही. राणी पाकोळीची मादी अंडी घालण्यासाठी लिंबूवर्गीय झाडांच्या शोधात असते आणि पानावर उतरल्यावर पुढच्या पायांनी पानाची चव तपासून खात्री करून घेते. रंग तिला मकरंदापर्यंत नेतो, पुढच्या पिढीची सोय मात्र पानातील रसायने ठरवतात.

५. गांधीलमाश्यांची भूक

गांधीलमाशी या नावाखाली मराठीत अनेक जातींचा समावेश होतो. काळ्या अंगावर पिवळसर पट्टा असणारी व्हेस्पा ट्रॉपिका, कागदासारखे पोळे बांधणारी रोपॅलिडिया, मातीची मडकी घडविणारी कुंभारीण या सर्व ठाणे परिसरात आढळतात. यांपैकी रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीच्या समाजजीवनावर बंगळूर येथे राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशके संशोधन केले आहे.

प्रौढ गांधीलमाशीला ऊर्जेसाठी शर्करा लागते, तर तिच्या अळ्यांना प्रथिने लागतात. त्यामुळे ती उसाच्या रसाच्या गाड्यावर आणि मिठाईच्या ताटावर येते, तशीच मासळीच्या टोपलीवर आणि भाजीच्या मळ्यातील अळ्यांवरही जाते. जिलेबी केशरी असते म्हणून माशी येते असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पांढऱ्या पेढ्यावर आणि करड्या मासळीवरही ती तितक्याच तत्परतेने येते. लबक यांचेही निरीक्षण असे होते की, गांधीलमाश्यांना रंगभेद कळत असला तरी मधमाश्यांच्या मानाने त्या रंगावर कमी विसंबतात.

या बाबतीत सर्वांत बोलके उदाहरण उंबराचे आहे. क्वचित भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो, कारण उंबराचे फूल कोणाला दिसत नाही. ते फळासारख्या दिसणाऱ्या पोकळ भागाच्या आत असते. 'उंबरातील किडे' म्हणून जे प्रसिद्ध आहेत त्यांत गांधीलमाशीच्याच विस्तृत गणातील अत्यंत लहान माश्या असतात आणि त्याच उंबराचे परागीभवन करतात. जे फूल दिसतच नाही त्याच्या रंगाने त्या येणे शक्य नाही. परागीभवनास योग्य अवस्थेतील उंबरातून बाहेर पडणारा विशिष्ट गंध त्यांना दूरवरून बोलावून आणतो. वड, पिंपळ व उंबर या साऱ्या वृक्षांचे वंशसातत्य या गंधावर अवलंबून आहे.

गांधीलमाशीच्या अंगावरील काळा-पिवळा भडक रंग मात्र खरोखर अर्थपूर्ण आहे. तो पक्ष्यांना आणि अन्य भक्षकांना दिलेला इशारा आहे. येथे भडक रंगाचे कार्य आकर्षणाच्या नेमके उलट, म्हणजे दूर ठेवण्याचे असते.

६. हल्ला कशामुळे होतो?

फुलावर बसलेली माशी आणि पोळ्याचे रक्षण करणारी माशी यांच्या वर्तनात मूलभूत फरक आहे. पहिली अन्न शोधत असते व तिला त्रास न दिल्यास सहसा दंश करीत नाही. धोका दुसरीपासून असतो. म्हणून कपड्यांच्या रंगाचा विचार मोहोळाच्या संरक्षणाच्या संदर्भात करणे आवश्यक आहे.

आग्या मधमाशी, म्हणजे एपिस डॉर्साटा, उघड्यावर एकच मोठे पोळे बांधते. उंच वृक्ष, कडे, पाण्याच्या टाक्या आणि अलीकडे उत्तुंग इमारतींच्या सज्जांचे तळ ही तिची ठिकाणे होत. भक्षक जवळ आला की पोळ्यावरील माश्या क्रमाक्रमाने पोटाचा भाग उचलतात आणि पोळ्यावरून लाट गेल्यासारखी दिसते. ही लाट कोणत्या दृश्यामुळे उठते याचा अभ्यास सजेश विजयन, एरिक वॉरंट व हेमा सोमनाथन यांनी करून २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. उजळ पार्श्वभूमीवर हलणारी गडद वस्तू दिसली की लाट उठते. गडद पार्श्वभूमीवर उजळ वस्तू हलविल्यास तसे होत नाही, असे त्यांना आढळले. याचे कारण समजणे कठीण नाही. पोळ्यावर चाल करून येणारी व्हेस्पा उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर काळीच दिसते.

युरोपीय मधमाश्यांविषयीचा अनुभवही याला पूरक आहे. गडद, केसाळ आणि हलणाऱ्या वस्तूंवर त्या अधिक दंश करतात. मधपाळ पांढरा पोशाख घालतात तो याचसाठी. या दृष्टीने पाहता काळा सदरा, काळी पाठपिशवी आणि मोकळे सोडलेले काळे केस हे पिवळ्या सदऱ्यापेक्षा अधिक लक्ष वेधून घेणारे ठरतात. लाल कपडाही माशीला काळपट दिसत असल्याने तो गडद रंगांतच गणावा लागतो. 'लाल घालू नका' या लोकसमजुतीत तथ्यांश असेल तर तो एवढाच आणि त्याचे कारण लाल रंगाचा भडकपणा नसून माशीला तो न दिसणे हे आहे.

रंगापेक्षा प्रभावी घटक गंधाचा आहे. मधमाशीने दंश केला की नांगीसोबत इशाऱ्याचे रसायन बाहेर पडते. त्यातील प्रमुख घटक आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असल्याचे १९६२ मध्ये निश्चित झाले. पक्व केळ्यासारखा वास असलेले हे द्रव्य अन्य माश्यांना त्याच जागी दंश करण्यास प्रवृत्त करते. जपानमधील एका मोठ्या गांधीलमाशीच्या इशाऱ्याच्या रसायनांतील काही घटक सुगंधी द्रव्यांत आणि खाद्यपदार्थांच्या स्वादांतही वापरले जातात, असे २००३ मधील एका शोधनिबंधात नमूद आहे. अत्तर न वापरण्याची सूचना म्हणूनच रंगाविषयीच्या सूचनेपेक्षा अधिक आधारयुक्त आहे. धूर, कंपने, फांदी हलणे, दगड आणि मोहोळाजवळील आरडाओरडा व धावपळ ही हल्ल्याची प्रत्यक्ष निमित्ते होत.

७. समजुतीतील तथ्य : पिवळा रंग आणि लहान कीटक

भडक रंगाविषयीची समजूत सर्वस्वी निराधार आहे असे मात्र म्हणता येणार नाही. पिवळा सदरा घालून शेताच्या कडेने चालल्यास त्यावर बारीक कीटक येऊन बसतात हा अनेकांचा अनुभव आहे. शहापूर व मुरबाड तालुक्यांत भाताच्या काढणीनंतर भेंडीसारख्या भाज्या घेतल्या जातात. अशा पिकांत मावा, पांढरी माशी आणि तुडतुडे यांच्यासाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावण्याची शिफारस कृषी विस्तार कार्यात नित्य केली जाते. फोल्कर मेरिके यांनी १९५१ मध्ये मावा पकडण्यासाठी पिवळ्या पसरट भांड्याचा उपयोग केला, तेव्हापासून ही पद्धत जगभर रूढ आहे.

पिवळाच रंग का, याचे स्पष्टीकरण रंजक आहे. कोवळे पान हिरवा-पिवळा प्रकाश अधिक आणि निळा प्रकाश कमी परावर्तित करते. पिवळा पृष्ठभाग हेच अधिक ठळकपणे करतो. म्हणून मावा किंवा पांढरी माशी यांना पिवळा कागद म्हणजे अतिशय रसरशीत पान वाटते. त्यांचे हे येणे फुलाच्या मोहाने नसते. हे कीटक वनस्पतीचा रस शोषणारे असून माणसाला दंश करीत नाहीत. पिवळ्या सदऱ्यावर येणारे कीटक आणि माणसाला दंश करणारे कीटक असे दोन भिन्न समूह आहेत. लोकसमजुतीत त्यांची सरमिसळ झाली आहे.

गंध व रंग यांच्या तुलनेसाठी आंब्याच्या फळमाशीचे उदाहरणही लक्षणीय आहे. कोकण कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्यात मिथाइल युजेनॉलचा वापर होतो. या गंधाने फळमाशीचे नर ओढले जातात. सापळा टांगला जातो आंब्यांनी लगडलेल्या झाडांतच, तरीही नर सापळ्याकडे वळतात.

८. डास आणि दिवे

ठाणे-कल्याण परिसरात आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कीटक गांधीलमाशी नसून डास आहे. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस इजिप्ती दिवसा चावतो, म्हणून त्याच्या बाबतीत रंगाचा प्रश्न गैरलागू नाही. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील जेफ्री रिफेल यांच्या गटाने केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, गंध नसताना हे डास रंगीत ठिपक्यांकडे फारसे लक्ष देत नाहीत. कार्बन डायऑक्साइडचा झोत सोडल्यावर मात्र ते लाल, नारिंगी, काळ्या व आकाशी ठिपक्यांकडे वळतात. हिरवा, निळा, जांभळा व पांढरा यांकडे ते दुर्लक्ष करतात. माणसाची त्वचा कोणत्याही वर्णाची असो, ती लाल-नारिंगी प्रकाश अधिक परावर्तित करते. म्हणजे श्वासाचा गंध प्रथम डासाला जागे करतो आणि रंग नंतर दिशा देतो. येथे भडक लाल-नारिंगी रंग टाळण्याच्या सूचनेस आधार आहे. मात्र साचलेल्या पाण्याचा निचरा आणि अंगभर कपडे यांच्यापुढे तिचे महत्त्व गौण आहे.

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती जमणारी पंखवाली वाळवी व पतंग हा स्वतंत्र विषय आहे. दिव्यावर झेपावणारा पतंग हा काव्यात आत्मसमर्पणाचा संकेत मानला गेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अतिवेगवान कॅमेऱ्यांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासाने निराळे चित्र समोर आणले. उडणारा कीटक पाठीचा भाग सर्वाधिक उजेडाकडे ठेवतो, कारण निसर्गात उजेड वरून येतो. दिव्याजवळ हीच सवय त्याला घात करते. तो सतत दिव्याकडे पाठ वळवीत राहतो व त्याभोवती अडकून पडतो. यात आकर्षणापेक्षा दिशाभूल अधिक आहे. निळा व अतिनील अंश कमी असलेले पिवळसर दिवे वापरल्यास दिव्यावरील कीटकांची संख्या सामान्यतः कमी होते. येथे पिवळा रंग कीटकांना कमी खेचतो, ही गोष्ट मागील परिच्छेदांतील विवेचनाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

९. व्यावहारिक फलित

उपरोक्त विवेचनाच्या आधारे क्षेत्रभेटीसंबंधीच्या सूचनांची फेरमांडणी करणे शक्य आहे. भडक रंग टाळण्याच्या सूचनेऐवजी काळे, गडद व गडद लाल कपडे टाळावेत आणि फिकट, अंगभर कपडे घालावेत असे सांगणे अधिक सयुक्तिक ठरेल. अत्तर, सुगंधी केशतेल आणि गजरे टाळावेत. केस बांधून झाकावेत. मार्गावर आग्या मोहोळ आहे काय याची स्थानिकांकडे आधी चौकशी करावी व असल्यास त्याखालून जाणे, थांबणे, धूर करणे कटाक्षाने टाळावे. एखादी माशी अंगाभोवती फिरल्यास हातवारे न करता शांतपणे बाजूला व्हावे. हल्ला झालाच तर मात्र थांबू नये. चेहरा झाकून बंदिस्त जागेकडे त्वरेने जावे. पाण्यात उडी घेऊ नये, कारण माश्या वर घिरट्या घालीत राहतात. मधमाशीची नांगी त्वचेत राहते व विष सोडत राहते, म्हणून ती तत्काळ काढावी. अनेक दंश झाल्यास किंवा श्वासास त्रास, अंगावर गांधी, चक्कर अशी लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठावे.

गृहसंकुलांच्या संदर्भातही याचा विचार व्हावा. सज्जाखाली मोहोळ बसले की ते जाळण्याचा वा त्यावर विषारी फवारणी करण्याचा निर्णय घाईने घेतला जातो. आग्या माश्या ऋतुमानानुसार स्थलांतर करतात, त्यामुळे पुष्कळदा पोळे काही महिन्यांत आपोआप रिकामे होते. वर्दळीपासून दूर असलेल्या मोहोळाला तेवढा अवधी देणे आणि धोका असल्यास प्रशिक्षित व्यक्तीकडून ते हलविणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे. पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेसारखी व्यवस्था आपल्या राज्यातच उपलब्ध आहे.

प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र विभागांना या विषयात विद्यार्थी-प्रकल्पाची चांगली संधी आहे. फॉन फ्रिश यांच्या प्रयोगाला रंगीत व करडे कागद, काचेच्या बशा आणि साखरपाणी यांपलीकडे काही लागत नाही. सातेरी मधमाशीवर तो महाविद्यालयाच्या आवारात पुन्हा करून पाहता येईल. टर्नर यांनी शाळेतील अध्यापन सांभाळून सार्वजनिक उद्यानात केलेले काम आज शतकानंतरही उद्धृत केले जाते, ही गोष्ट अध्यापनाच्या व्यापात संशोधनाला वेळ मिळत नाही असे वाटणाऱ्यांना धीर देणारी आहे.

१०. समारोप

कीटक रंग पाहतात, त्यांचा उपयोग करतात आणि अनुभवाने त्यांचा अर्थ शिकतात. परंतु त्यांचे रंग आपले नव्हेत. आपल्याला भडक भासणारा लाल मधमाशीला काळा दिसतो, फुलपाखराला फूल दाखवतो आणि डासाला त्वचेची खूण पटवितो. एकच पिवळा रंग माव्याला पान वाटतो, पक्ष्याला गांधीलमाशीचा इशारा वाटतो आणि दिव्यात असला तर कीटकांना कमी दिसतो. रंगाचा परिणाम पाहणारा कोण आहे आणि तो त्या क्षणी काय शोधतो आहे यावर ठरतो. दंशाच्या धोक्यापुरते बोलायचे झाल्यास मोहोळापासूनचे अंतर, हालचाल, गंध आणि गडदपणा या चार गोष्टी भडकपणाहून अधिक महत्त्वाच्या आहेत. येऊरला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रकात त्यांना पहिले स्थान मिळावे.